निळू फुले यांचा पाटील आणि आमचा मारुती कांबळे

निळू फुले यांच्यावर मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. पण त्यातले बहुतेक लेखन आठवणींचे आहे. पडद्यावर हा माणूस जेवढा दुष्ट तेवढाच प्रत्यक्षात सज्जन होता, साधा राहत होता, चळवळींना पैसे उभे करून देत होता, बायाबापड्या त्याला समोर पाहून बोटे मोडत, हे सांगून झाले की लेखकाला आपले काम संपले असे वाटते. १३ जुलै २००९ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले तेव्हा हेच छापून आले आणि आजही हेच छापून येते. नटाच्या सज्जनपणाचा दाखला एकदा दिला की त्याने रंगवलेल्या दुष्टपणाची चौकशी करायला नको, अशी ही सोय आहे. मला ती चौकशी करायची आहे. हा पाटील कोण होता, कोणाच्या लेखणीतून उतरला, तो कोणाला धाकात ठेवीत होता आणि शेवटी त्याचे हसे कसे झाले, हे प्रश्न दलित समीक्षेने विचारायचे नाहीत तर कोणी विचारायचे?

या प्रश्नाकडे मी वळलो तो एका स्नेहसंमेलनामुळे. पेण तालुक्यातल्या एका शाळेत मी तेव्हा मास्तरकी करीत होतो. नववीतला एक मुलगा रंगमंचावर आला. डोक्याला टोपी, खांद्यावर उपरणे, मान किंचित कलती, आवाज घोगरा. बाईला वाड्यावर बोलावणारे ते सुप्रसिद्ध वाक्य त्याने म्हटले आणि मंडप हसून लोळला. पाहुणे हसले, शिक्षक हसले. खोटे कशाला बोलू, मीही हसलो. दुसऱ्या दिवसापासून मधल्या सुट्टीत तीच नक्कल वर्गातल्या एका मुलीला उद्देशून सुरू झाली. मुलगी कातकरवाडीवरची. आठ-दहा दिवसांत ती शाळेत येईनाशी झाली. मी हा विषय शिक्षकांच्या बैठकीत काढला तेव्हा उत्तर मिळाले, "अहो सर, निळू फुल्यांची नक्कल आहे ती. पोरांची गंमत." म्हणजे ज्या नटाने आयुष्यभर सत्तेचा लंपटपणा उघडा करून दाखवला, त्याचेच नाव आता त्या लंपटपणावर पांघरूण म्हणून घातले जात होते. यात नटाचा वाटा किती आणि त्याला मिळालेल्या चित्रपटांचा किती, हे तपासणे मला भाग पडले.

निळू फुले यांची जडणघडण नाट्यशिक्षणाच्या कोणत्याही संस्थेत झालेली नाही. पुण्याच्या आर्म्ड फोर्सेस मेडिकल कॉलेजच्या बागेत ते माळीकाम करीत. पगार तुटपुंजा, आणि त्यातलाही काही भाग राष्ट्र सेवा दलाला जाई. सेवा दलाच्या कलापथकात ते घडले, 'येरागबाळ्याचे काम नोहे' हा वग त्यांनी लिहिला, 'कथा अकलेच्या कांद्याची' या लोकनाट्याने त्यांचे नाव महाराष्ट्रभर झाले, आणि १९६८ साली 'एक गाव बारा भानगडी'मधून ते पडद्यावर आले. हे सर्व ठाऊक असलेलेच आहे. परंतु त्यांच्या अभिनयाचे गमक या माळीकामात आहे असे मला नेहमी वाटत आले आहे. वाकून काम करणारा माणूस उभ्याने हुकूम सोडणाऱ्याला खालून पाहतो. तो त्याचे जोडे आधी पाहतो, मग काठी, मग हाताची बोटे, आणि चेहरा सर्वांत शेवटी. निळूभाऊंच्या पाटलाकडे पाहा. तो ओरडत नाही. ओरडावे लागते ते ज्याचा हुकूम मोडला जाण्याची शक्यता आहे त्याला. हा पाटील वाक्याच्या मध्येच थांबतो, समोरच्याला उभे ठेवतो, पान लावतो किंवा दुसरीकडे बघतो, आणि मग उरलेले वाक्य हळू आवाजात सोडतो. त्या थांबण्यात सारी गावकी आहे. माझा आजा खोताच्या ओटीखाली अंगणात उभा राहायचा, तेव्हा खोत असाच थांबायचा, हे मी घरात ऐकलेले आहे. हे निरीक्षण वरून करता येत नाही; ते सोसलेल्या किंवा सोसणाऱ्यांत वावरलेल्या माणसालाच साधते.

येथे आमच्या मुलखाविषयी एक गोष्ट सांगितली पाहिजे. पेण-रोह्याकडच्या प्रेक्षकाला मराठी चित्रपटातला पाटील परका होता. आमच्याकडे साखर कारखाना नाही, उसाचे फड नाहीत. पेणला भात, खारजमिनी, मिठागरे आणि गणपतीचे कारखाने. रोह्याला कुंडलिकेच्या काठची भातशेती आणि पुढे धाटावची रासायनिक वसाहत. शिवाय आमच्या जिल्ह्यात पाटील हे आडनाव आगरी समाजात घरोघरी सापडते. पाटील म्हणजे चिखलात उतरणारा, बांध घालणारा, स्वतः राबणारा माणूस. १९३३ पासून १९३९ पर्यंत चालला तो चरीचा शेतकरी संप, त्याचे पुढारी नारायण नागू पाटील. तेव्हा पाटील खोताच्या विरोधात उभा होता! १९३७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले ते याच कुळांसाठी. त्यामुळे पश्चिम महाराष्ट्राच्या उसातला हा पाटील पाहताना आमच्या आयाबाया त्याचे भाषांतर करून घेत. पेणच्या थिएटरात 'सामना' पाहताना माझ्या शेजारची म्हातारी म्हणाली होती, "ह्यो तं खोताच्यावानी बोलतंय." तिने दोन शब्दांत त्या नटाचे जे मूल्यमापन केले ते मला पुण्या-मुंबईच्या परीक्षणांत सापडले नाही. पाटील हे सोंग आहे, मालकी हा आशय आहे, हे तिला कळले होते.

पण चित्रपट लिहिणाऱ्यांना ते कळले होते का? सत्तरच्या दशकातले तमाशापट काढून पाहा. बोर्डावरची बाई आणि तिच्यावर डोळा असलेला गावातला बडा, या दोन टोकांवर सगळी गोष्ट तोललेली. तमाशाचा फड ज्यांनी पिढ्यान्पिढ्या जगवला त्या जाती महार, मांग, कोल्हाटी. पडद्यावर मात्र त्या बाईला जात नाही. ती गोरी, नीटस, निराधार आहे एवढेच. जात काढून घेतली की उरते काय? एका पुरुषाची वासना आणि एका स्त्रीची अब्रू. पाटील वाईट ठरतो तो बाईलवेडा म्हणून; गावाची जमीन, पाणी, रोजगार आणि पोलीस त्याच्या मुठीत आहेत म्हणून नव्हे. असा पाटील शेवटच्या रिळात मेला, पकडला गेला किंवा पस्तावला की गाव शुद्ध होते आणि प्रेक्षक निश्चिंत मनाने घरी जातो. निळूभाऊंनी अशा कितीतरी कथांना आपल्या अंगचे सत्य दिले आणि त्या कथांनी ते वाया घालवले. ज्या नकलेला पेणच्या मंडपात मी हसलो ती या वाया गेलेल्या सत्याचीच नक्कल होती. वासना हास्यास्पद करता येते. मालकी हास्यास्पद करणे तेवढे सोपे नाही.

ज्या वर्षांत हे चित्रपट धो धो चालत होते त्या वर्षांतला महाराष्ट्र आठवावा. १९७२ साली पुणे जिल्ह्यातल्या बावड्याला दलितांवर बहिष्कार पडला. त्याच वर्षी परभणी जिल्ह्यातल्या ब्राह्मणगावला दलित स्त्रियांची विटंबना झाली. त्याच वर्षी दलित पँथर उभी राहिली. १९७४ साली अकोला जिल्ह्यातल्या धाकली गावी गवई बंधूंचे डोळे काढण्यात आले. घरातल्या मुलीच्या फसवणुकीचा जाब त्यांनी विचारला होता, एवढाच त्यांचा गुन्हा. म्हणजे वासना, मालकी आणि जात या तिन्ही गोष्टी एकाच हाताने कशा वागतात, हे गावागावांतून रक्ताने लिहिले जात होते. चित्रपटाने त्यातली पहिली तेवढी उचलली.

या पार्श्वभूमीवर 'सामना' वेगळा ठरतो, हे मान्य केलेच पाहिजे. विजय तेंडुलकरांची पटकथा, जब्बार पटेलांचे दिग्दर्शन. १९७५ साली तो बर्लिनच्या महोत्सवातही गेला. निळू फुले यांचा हिंदूराव धोंडे पाटील हा केवळ बाईलवेडा नाही. तो सहकाराचा सम्राट आहे, विकास करणारा आहे, गावाला पोसणारा आहे, आणि त्याच्या वैभवाच्या मुळाशी एक नाहीसा झालेला माणूस आहे: मारुती कांबळे. त्या कांबळेचे काय झाले, हा एकच प्रश्न डॉ. श्रीराम लागूंचा दारुडा मास्तर विचारीत राहतो आणि त्या प्रश्नाने हिंदूराव आतून पोखरत जातो. लागू आणि फुले समोरासमोर पिण्यास बसतात ते प्रसंग मराठी अभिनयाच्या कोणत्याही इतिहासात पुढच्या पानावर राहतील. हिंदूराव हसतो, पाहुणचार करतो, आणि प्रश्न आला की क्षणभर त्याच्या डोळ्यांतला मालक मरतो. ते क्षण निळूभाऊंनी असे काही केले आहेत की पाहणाऱ्याला त्या मालकाची कीव येऊ लागते. आणि माझी तक्रार नेमकी येथे आहे. आपल्याला खुन्याच्या यातना दिसतात, विचारणाऱ्याची सद्सद्विवेकबुद्धी दिसते. ज्याचा बळी गेला तो मात्र आठवणींच्या तुकड्यांत येऊन जातो. त्याचे आडनाव कांबळे ठेवले आहे. महाराष्ट्रात ते आडनाव काय सांगते हे कोणालाही सांगावे लागत नाही. पण चित्रपटाचा भर त्यावर नाही. तो एक 'माणूस' आहे. जिवंतपणी जो माणूस नसतो तो मेल्यावर असा सर्वसाधारण माणूस होतो, ही प्रस्थापित करुणेची जुनीच रीत आहे.

प्रश्न विचारण्याचा अधिकार मास्तराकडे का? तो गांधीयुगातला खचलेला ध्येयवादी आहे, बाहेरून आलेला आहे, त्याला गमावण्यासारखे काही उरलेले नाही. कांबळेच्या वस्तीत कोणी विचारणारा नव्हता काय? १९७५ साली? पँथरची तीन वर्षे सरल्यावर? पांढरपेशा लेखक बहुजन सत्ताधाऱ्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभा करतो, स्वतःच्या विवेकाला वकील नेमतो, आणि फिर्यादीला साक्षीलाही बोलावत नाही. तेंडुलकरांविषयी मला आदर आहे. पण हा आक्षेप मी १९८० च्या सुमारास रोह्याच्या एका अभ्यासवर्गात मांडला तेव्हा सेवा दलातले एक ज्येष्ठ मित्र रागावले होते, आणि तेवढ्याने तो आक्षेप खोटा ठरला असे मला आजही वाटत नाही.

फौजेतून परतलेला आणि गावाला जाब विचारणारा माणूस ही आमच्या जिल्ह्याला कल्पित गोष्ट नाही. महाड तालुक्यातल्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर १८८६ साली सैन्यातून निवृत्त झाले आणि १८८८ साली 'विटाळ विध्वंसन' या पुस्तिकेतून त्यांनी धर्ममार्तंडांपुढे प्रश्न ठेवले. आमचे मारुती कांबळे नाहीसे झाले नाहीत, ते लिहीत होते. कोकणातल्या महारवाड्यांतून पेन्शनरांची एक सबंध परंपरा निघाली आणि तीच पुढे चवदार तळ्यापर्यंत गेली. हे ज्याला ठाऊक आहे त्याला 'सामना'तला मुका कांबळे अपुरा वाटणारच.

पात्रयोजनाही बोलकी आहे. कांबळेची भूमिका केली डॉ. मोहन आगाशे यांनी. पुण्याचे मानसोपचारतज्ज्ञ, मोठे नट. दोनच वर्षांनी, १९७७ साली, 'जैत रे जैत'मध्ये तेच ठाकरांचा नाग्या झाले. गो. नी. दांडेकरांच्या ज्या कादंबरीवरून तो चित्रपट निघाला, तिचा मुलूख म्हणजे कर्नाळ्याचा सुळका आणि त्याच्या पायथ्याच्या वाड्या, पेणहून एस्.टी.ने जाऊन यावे एवढा जवळचा. ठाकर आमचे शेजारी. चित्रपट सुंदर आहे यात वाद नाही. पण कांबळेही पुण्याहून यावा आणि नाग्याही पुण्याहूनच यावा, हे जमले कसे? उलट बाजूने पाहा: १९७२ साली 'सखाराम बाइंडर'मध्ये जन्माने ब्राह्मण असलेला सखाराम रंगवला तो माळीकाम केलेल्या निळू फुले यांनी, आणि तो असा रंगवला की पुढे प्रत्येक सखारामाला त्यांच्याशी मोजले गेले. तेव्हा खालचा नट वरच्याचे सोंग आणू शकतो, हे सिद्ध झाले होते. मग खालच्याची भूमिका खालच्यालाच द्यावी, एवढे साधे धाडस कोणाला झाले नाही.

पुण्याच्या एका चित्रपट रसग्रहण वर्गात मला फ्रान्सच्या झाँ गाबँ या नटाचे काही चित्रपट पाहायला मिळाले होते. दुसऱ्या महायुद्धापूर्वी तो कामगार होई, आगगाडीचा इंजिन ड्रायव्हर होई, पलटणीतून पळालेला शिपाई होई, आणि शेवटी बहुधा मरे. युद्धानंतर केस पिकले तेव्हा तोच नट टोळीचा म्होरक्या, पोलीस अधिकारी, घराण्याचा कर्ता झाला. राबणाऱ्याच्या जागेवरून मालकाच्या खुर्चीपर्यंत पोचायला त्याला वीस वर्षे लागली आणि फ्रेंच प्रेक्षकाने त्याच्याबरोबर तो प्रवास केला. निळूभाऊंना मराठी चित्रपटाने पहिल्यापासून खुर्चीतच बसवले. हातात खुरपे धरलेला, दुसऱ्याच्या बागेत वाकलेला नायक म्हणून त्यांना कोणी उभे केले असते तर मराठी चित्रपट आज कोठे असता, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

अपवाद 'सिंहासन'चा. १९७९ चा हा चित्रपट अरुण साधूंच्या कादंबऱ्यांवर आधारलेला. त्यात निळू फुले पत्रकार दिगू टिपणीस झाले. येथे ते सत्तेत नाहीत, सत्तेच्या दाराशी आहेत. पाहतात, टिपतात आणि शेवटी डोके फिरेल इतके पाहून चुकतात. एरवी समोरच्याला उभे करणारा हा नट येथे स्वतः ताटकळतो, आणि ते ताटकळणे त्याला किती सहज जमते! आणखी एक योगायोग आमच्या जिल्ह्याच्या माणसाच्या ध्यानात आल्यावाचून राहत नाही. महाडच्या सत्याग्रहाच्या वेळी नगरपालिकेचे अध्यक्ष होते सुरबानाना टिपणीस, आणि बाबासाहेबांचे सहकारी होते अनंतराव चित्रे. निळूभाऊंचा पत्रकार टिपणीस. आणि १९८४ च्या 'सारांश'मधला त्यांचा पुढारी गजानन चित्रे. १९२७ ला आमच्या बाजूने उभी राहिलेली ही दोन आडनावे. एक पडद्यावर हताश झाले, दुसरे गुंडपुढारी झाले. यातून काही सिद्ध होत नाही. नोंद करून ठेवतो. 'कुली', 'मशाल' वगैरे हिंदी चित्रपटांनी त्यांना पैसा दिला असेल. त्यांवर थांबण्यासारखे काही नाही.

नटाचा वाटा किती, या माझ्या मूळ प्रश्नाला आता उत्तर देतो. निळू फुले यांना हे सारे कळत होते असे मी मानतो. 'एक गाव एक पाणवठा' म्हणणाऱ्या मंडळींत त्यांची ऊठबस होती. सामाजिक कृतज्ञता निधीसाठी डॉ. लागू आणि इतर कलावंतांबरोबर त्यांनी 'लग्नाची बेडी'चे प्रयोग केले, कार्यकर्त्यांच्या मानधनासाठी पैसा उभा केला. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या व्यासपीठावर ते गेले. म्हणजे रात्री कार्यकर्त्यांसाठी झोळी फिरवायची आणि दिवसा तोच पाटील पुन्हा पुन्हा उभा करायचा, असे हे जगणे. त्यांनी नकार द्यायला हवा होता काय? मी बरीच वर्षे होय म्हणत असे. आता तेवढे ठामपणे म्हणवत नाही. नट शब्द लिहीत नाही. आणि ज्याच्या पोटामागे दुसरा धंदा नाही त्याला नकाराची किंमत विचारणे मास्तरकीच्या पगारावर बसून फार सोपे आहे. पण साहित्यात जो नकार आमच्या कवींनी उच्चारला तो चित्रपटात उच्चारायला माणूस नव्हता, ही उणीव एकट्या नटाच्या सज्जनपणाने भरून निघणारी नव्हती.

ती भरायला चाळीस वर्षे गेली. २०१३ च्या 'फँड्री'त नागराज मंजुळे यांनी जब्याच्या हातात दगड दिला. आणि २०१४ साली चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' आला, त्यात आरोपीच्या पिंजऱ्यात उभा होता लोकशाहीर नारायण कांबळे. पुन्हा कांबळेच. पण ही भूमिका केली वीरा साथीदार यांनी. नागपूरचे आंबेडकरी कार्यकर्ते, 'विद्रोही'चे संपादक. २०२१ साली कोरोनाने ते गेले. नारायण कांबळेला कोणी दारुडा मास्तर शोधत नाही. तो गातो, पकडला जातो, सुटतो, पुन्हा गातो. त्याच्या समोर वाडाही नाही. आहे ती फायली चाळणारी, उन्हाळ्याच्या सुट्टीवर जाणारी न्यायव्यवस्था. हिंदूरावाला निदान झोप लागत नव्हती. येथे कोणाचीही झोप मोडत नाही. नक्कल करावी असा पाटीलच या चित्रपटात नाही, आणि म्हणून स्नेहसंमेलनात त्याची नक्कल होत नाही.

निळूभाऊ गेल्यानंतरच्या वर्षी जयंतीच्या सप्ताहात रोहे तालुक्यातल्या एका विहारात आम्ही 'सामना' दाखवला. भिंतीला चादर बांधली, प्रोजेक्टर मागून आणला. मुले पुढे बसली होती आणि वाड्यावरच्या वाक्याची वाट पाहत होती. ते येईना तेव्हा निम्मी उठून गेली. बाया थांबल्या. संपल्यावर मी चर्चा सुरू केली, मास्तराच्या प्रश्नाविषयी चार वाक्ये बोललो. तेव्हा मागच्या भिंतीला टेकून बसलेले महार रेजिमेंटचे एक निवृत्त हवालदार हात वर करून म्हणाले, "सर, तो कांबळे पलटणीतला हाय ना? मग त्याची पेन्शन बायकोला मिळाली का? तिला सर्टिफिकेट कोणी दिलं असंल? बॉडीच गावली नाय तर सात वर्सं थांबायला लागतं."

चित्रपटात त्याची बायको आहे की नाही, हे मला त्या क्षणी आठवेना. मी तसे सांगितले. हवालदार म्हणाले, "आसंल की. कुठंतरी आसंल."